फ्रेंच मुलगी आठ दिवस घरी राहायला येणार आहे (शाळेचं फ्रान्स-जर्मनी एक्स्चेंज), मदत हवी

नेकारकाठ (धागाकर्ती) | ११ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा वर्षं झाली, श्टुटगार्टच्या शेजारी लुडविग्सबुर्गला राहतो. लेक आठवीत आहे. सहावीत दुसरी परकी भाषा निवडायची होती तेव्हा लॅटिन की फ्रेंच यावर घरात आठवडाभर खल झाला. शेवटी "लॅटिन बोलणारं उरलंय कोण?" या नवऱ्याच्या एका वाक्यावर फ्रेंच ठरली. आता त्याचं फळ दारात आलंय. शाळेचं फ्रान्समधल्या मोंबेलियार गावच्या एका शाळेशी एक्स्चेंज आहे. मार्चमध्ये तिकडची मुलं आठ दिवस इकडे, मेमध्ये इकडची मुलं आठ दिवस तिकडे. हॉटेलबिटेल काही नाही. जोडीदाराच्या घरी राहायचं, त्याच्याबरोबर शाळेत जायचं, त्याच्या घरी शिजेल ते खायचं.

लेक नाचतेय आणि मी फॉर्म घेऊन बसलेय. घरात कोण कोण असतं, कुत्रं-मांजर आहे का, कुणी सिगारेट ओढतं का, पाहुणीला वेगळी खोली की मुलीच्याच खोलीत? आमचं घर तीन खोल्यांचं आणि मार्चमध्ये सासूबाई इथेच असणार. त्या अंडंसुद्धा ओट्याजवळ येऊ देत नाहीत. चौदा वर्षांची फ्रेंच पोर आठ दिवस वरणभात खाईल का? आणि उलट, आमची शाकाहारी लेक तिकडे काय खाणार? पासपोर्ट भारतीय आहे, त्याचं काही वेगळं करावं लागतं का?

शिवाय एक भाबडा प्रश्न. वर्गशिक्षिका म्हणाल्या, प्रवासखर्चाचा काही भाग "युगेंडवेर्क" देतं. हे पैसे नक्की कुणाचे? ज्या दोन देशांनी पाऊणशे वर्षांत तीन युद्धं केली, ते एकमेकांची पोरं घरी ठेवून घ्यायला पैसे का मोजतात?

चिवडा | ११ फेब्रुवारी

पाठवा बिनधास्त. आणि सासूबाईंची प्रतिक्रिया टाकायला विसरू नका. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ऱ्हाइनपार | ११ फेब्रुवारी

जर्मनीतल्या केलला राहतो, नोकरी नदीपलीकडे फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला. म्हणजे रोज सकाळी ट्रॅमने परदेशात.

आधी कोरडी कामं. पासपोर्ट आणि इथलं राहण्याचं कार्ड, दोन्ही मूळ द्या, झेरॉक्सवर भागवू नका. जर्मनीचा परवाना असला की आठ दिवसांच्या फ्रान्सला वेगळा व्हिसा लागत नाही. सरकारी विमा असेल तर आरोग्य कार्ड उलटं करून बघा, मागची बाजू म्हणजेच युरोपभर चालणारं कार्ड. खाजगी असेल तर कंपनीकडून पत्र घ्या. तिकडून येणाऱ्या मुलीकडे पालकांच्या सहीचा देश सोडण्याच्या परवानगीचा कागद असेल, फ्रान्समध्ये २०१७ पासून तो लागतोच. तो फक्त हरवू देऊ नका.

जेवणाचं: फ्रान्समधल्या शाळांच्या कँटीनला आठवड्यातून एकदा बिनमांसाचं जेवण देणं २०१९ पासून बंधनकारक झालंय. एकदा! बाकीचे दिवस पाव, चीज, बटाटा. फॉर्मवर नुसतं "शाकाहारी" लिहून सोडू नका. "मासे नाहीत, हॅम नाही, बेकनचे तुकडे नाहीत" असं फोडून लिहा. तिकडे बरेच लोक हॅमला मांस धरत नाहीत, आपण कोथिंबीर भुरभुरतो तसं घालतात. आणि मोंबेलियार हे नाव तिथल्या बाहेर मुख्यतः दोन गोष्टींसाठी माहीत आहे, गाय आणि सॉसेज.

शुद्धतूप | ११ फेब्रुवारी

त्या गाईच्या दुधाचं कोंते चीज करतात, त्यात रेनेट असतं. वासराच्या जठरातलं. सासूबाईंना सांगू नका.

रानडेवाले आजोबा | १२ फेब्रुवारी

तुमचा भाबडा प्रश्न मला आवडला, कारण ज्या गावात बसून तो विचारलात त्याच गावात त्याचं उत्तर आहे. मी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकलो, मग हौसेने फ्रेंच. आयुष्यभर भाषांतरं केली, यंत्रांची माहितीपत्रकं जास्त, साहित्य कमी. असो.

९ सप्टेंबर १९६२ ला लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याच्या अंगणात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल उभे होते आणि समोर हजारो जर्मन तरुण. पहिल्या महायुद्धात अडीच वर्षांवर जर्मनांच्या कैदेत काढलेला, दुसऱ्यात त्यांच्याविरुद्ध लढलेला हा माणूस जर्मनमध्ये बोलला. तुम्ही एका थोर राष्ट्राची लेकरं आहात म्हणून त्याने त्यांचं अभिनंदन केलं. युद्ध संपून सतरा वर्षं झाली होती. बापाने तेव्हा काय केलं हे घरात कुणी कुणाला विचारत नव्हतं. अशा पोरांना हे वाक्य शत्रूच्या तोंडून ऐकायला मिळालं. पुढे २२ जानेवारी १९६३ ला त्यांनी आणि जर्मन चॅन्सेलर आडेनाउअर यांनी पॅरिसमध्ये एलिझे करारावर सह्या केल्या, आणि ५ जुलैला तरुणांसाठी संयुक्त कार्यालय निघालं. तुमच्या बाईंचं युगेंडवेर्क ते हेच. पैसे दोन्ही सरकारं निम्मेनिम्मे घालतात. आजवर नव्वद लाखांहून जास्त पोरं त्यातून आली-गेली.

पण मला त्याच्याही आधीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. लुडविग्सबुर्ग आणि मोंबेलियार ही युद्धानंतर जुळलेली पहिली फ्रेंच-जर्मन गावजोडी. साल १९५०. करार व्हायच्या तेरा वर्षं आधी! मोंबेलियारचे तेव्हाचे महापौर ल्युसियँ तारादँ प्रतिकार चळवळीतले, बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परतलेले. तिथून आलेल्या माणसाने पाच वर्षांत जर्मन गावाकडे हात पुढे केला. आज अशा बावीसशेच्या आसपास जोड्या आहेत. दोन्हीकडच्या पाट्यांवर जोडगावांची नावं इतकी दिसतात की कुणी वाचतही नाही.

आणि ही दोन गावं काही हवेतून जुळली नाहीत. मोंबेलियार सुमारे चारशे वर्षं व्युर्टेम्बर्गच्या, म्हणजे तुमच्याच भागाच्या, राजघराण्याकडे होतं, १३९७ च्या एका सोयरिकीतून आलेलं. जर्मनमध्ये त्याचं नाव म्योम्पेलगार्ड. फ्रेंच राज्यक्रांतीत ते फ्रान्सकडे गेलं. प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए तिथला, १७६९ चा जन्म, आणि शिकला कुठे? तुमच्या श्टुटगार्टला. राजवाड्यावरच्या जुन्या ढालीवर कुठे दोन मासे दिसले तर लेकीला सांगा, ते तिच्या मैत्रिणीच्या गावचे.

चिवडा | १२ फेब्रुवारी

आजोबा, __/\__ . असा प्रतिसाद आला की धागा वाचनखुणेत.

तर्कट | १२ फेब्रुवारी

भावनेच्या भरात थोडं थंड पाणी ओततो. फ्रान्स-जर्मनीची मैत्री पोरांच्या सहलींनी झाली नाही. पलीकडे सोव्हिएत रणगाडे होते, डोक्यावर अमेरिकेची छत्री होती, कोळसा आणि पोलाद १९५१ च्या करारानेच एका ताटात आलं होतं. पोट आणि भीती, दोन्ही एकाच दिशेला ओढत होती. मग वरून एक्स्चेंजची फुलं वाहिली. कारण आणि सजावट यात गल्लत नको. हलके घ्या.

दुहेरी पदवी | १२ फेब्रुवारी

तर्कटराव, अर्धं मान्य. पण करार झाल्यावर काय झालं ते बघा. जर्मन संसदेने तो मंजूर करताना त्याला एक प्रस्तावना चिकटवली, आमची अमेरिकेशी आणि नाटोशी असलेली नाती तशीच राहतील अशा अर्थाची. द गॉल यांना हवी होती ती राजकीय जोडी तिथेच ढिली पडली. करार गुलाबासारखे आणि तरुण पोरींसारखे असतात, टिकतात तोवर टिकतात, असं ते वैतागून म्हणाल्याचं सांगतात. म्हणजे करारातली मोठी बाजू सहा महिन्यांत कोमेजली होती, आणि तरी पोरांचं कार्यालय नेमक्या त्याच जुलैत सुरू झालं आणि चाललं. कारण त्याला स्वतःची कचेरी होती, स्वतःचा निधी होता, आणि नेत्यांचं आपसात पटतंय की नाही यावर ते अवलंबून नव्हतं. सजावट असती तर पहिल्या भांडणात उतरवली असती.

मी स्वतः या व्यवस्थेचं खाऊनपिऊन मोठा झालोय, म्हणून पक्षपाती आहे. जर्मनीत झारब्र्युकेनला फ्रेंच-जर्मन विद्यापीठ आहे, १९९७ च्या वायमार करारातून निघालेलं. विद्यापीठ म्हणजे खरं तर एक कार्यालय. वर्ग नाहीत, वसतिगृह नाही. दोन्हीकडच्या दोनेकशे संस्थांची मोट बांधून ते दुहेरी पदवीचे अभ्यासक्रम चालवतं. मुलाने साधारण निम्मा वेळ इकडे आणि निम्मा तिकडे काढायचा, शेवटी दोन पदव्या.

फ्रान्सला माझी पहिली परीक्षा झाली, वीसपैकी चौदा मिळाले. मी औरंगाबादचा, बारावीला ब्याण्णव टक्केवाला. सत्तर टक्के पडले म्हणून जिन्यात बसून रडलो. प्राध्यापक मागून आले आणि हात मिळवून अभिनंदन करून गेले. तिकडे चौदा म्हणजे वर्गात वरचा! आणि जर्मनीत एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे नापास. दोन्ही गुणपत्रिका आईला पाठवल्या तर तिने फोनवर विचारलं, "अरे, चौदा आणि एक? एकूण पंधरा?"

शुद्धतूप | १२ फेब्रुवारी

एकूण पंधरा =))

ऱ्हाइनपार | १३ फेब्रुवारी

तर्कट यांच्या बाजूने एक साक्ष, जरी मला ती द्यायला आवडत नाही. आमची ट्रॅम २०१७ ला पुलावरून केलला आली. स्ट्रासबुर्गने १८७१, १९१८, १९४० आणि १९४४ अशी चार वेळा मालकी बदललेली, त्यामुळे त्या दिवशी म्हातारी माणसं रुळांकडे बघत उभी होती. तीनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, कोविड आला आणि सीमा बंद. ट्रॅम फ्रान्सच्या बाजूलाच थांबायची. पुलापाशी लोक उभे राहून पलीकडच्यांशी बोलायचे. सीमेजवळच्या काही जर्मन गावांत कामाला येणाऱ्या फ्रेंच लोकांना शिवीगाळ झाली, जर्मन परराष्ट्रमंत्र्यांना जाहीर निषेध करावा लागला. इतक्या वर्षांची मैत्री, पण भीतीपुढे पंधरवडाही टिकली नाही.

पण त्याच मार्चमध्ये आल्सासमधल्या (स्ट्रासबुर्ग ज्यात येतं तो फ्रेंच प्रांत) रुग्णालयांत जागा उरली नाही तेव्हा इकडच्या रुग्णालयांनी तिकडचे पेशंट घेतले. दोन्ही खरं आहे. १५ जूनला सीमा उघडली.

अवांतर: घरी आर्टे वाहिनी लागत असेल तर लेकीला लावून द्या. दोन देशांनी मिळून काढलेली वाहिनी, मुख्यालय आमच्या स्ट्रासबुर्गला. करार २ ऑक्टोबर १९९० चा, म्हणजे दोन्ही जर्मनी एक व्हायच्या आदल्या दिवशीचा. प्रक्षेपण मे १९९२ पासून. एकच माहितीपट दोन्ही भाषांत मिळतो.

फळा खडू | १४ फेब्रुवारी

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते, तालुक्याच्या गावी. दोन्ही देशांतल्या मुलांसाठी इतिहासाचं एकच पाठ्यपुस्तक काढलं होतं असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का? आणि चालतं का?

रानडेवाले आजोबा | १४ फेब्रुवारी

खरं आहे. कराराच्या चाळिशीला, जानेवारी २००३ मध्ये, बर्लिनला दोन्हीकडच्या शाळकरी मुलांची संसद भरवली होती. सामाईक पुस्तकाची मागणी त्या मुलांनी केली. मोठ्यांनी ती मान्य करून टाकली आणि मग डोक्याला हात लावून बसले असणार. पहिला खंड २००६ ला आला, १९४५ नंतरचा काळ. मग २००८ ला १८१५ ते १९४५, आणि २०११ ला प्राचीन काळापासून १८१५ पर्यंत. श्टुटगार्टचा एक प्रकाशक, पॅरिसचा एक. मजकूर, चित्रं, पानं तीच, फक्त भाषा वेगळी.

गंमत अशी की युद्धांवरून फारसं अडलं नाही. ते काम त्यांच्या इतिहासकारांनी १९५१ मध्येच उरकलं होतं, एकमेकांच्या पुस्तकांत काय खटकतं याच्या शिफारशी करून. ब्राउनश्वाइगची पाठ्यपुस्तकांवर काम करणारी संस्था ज्यांच्या नावाने आहे ते गेओर्ग एकर्ट त्यात होते. नव्या पुस्तकात अडलं ते अमेरिकेकडे कसं बघायचं आणि साम्यवादाबद्दल काय सूर लावायचा इथे. आणि शिकवायचं कसं यावर. फ्रेंच मास्तरला उतारे देऊन त्यावर नीट बांधलेला निबंध हवा, जर्मन मास्तरला वर्गात चर्चा हवी.

दुहेरी पदवी | १४ फेब्रुवारी

आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नीटसं चाललं नाही. फ्रान्समध्ये अभ्यासक्रम पॅरिसहून ठरतो, जर्मनीत शिक्षण हा सोळा राज्यांचा सोळा प्रकारचा कारभार. एलिझे करारावर सही करतानाच पेच आला होता, कारण फ्रेंच शिक्षणमंत्र्याच्या समोर बसवायला जर्मनीकडे केंद्रातला माणूसच नाही! म्हणून आजही कुठल्या तरी एका राज्याच्या मुख्यमंत्र्याला चार वर्षांसाठी या कामापुरता जर्मनीचा प्रतिनिधी नेमतात. अशा घरात एक पुस्तक सगळीकडे लावणं कठीण. तिकडे अभ्यासक्रम बदलला की इकडच्या पुस्तकाचा क्रम चुकतो. पुस्तक गाजलं खूप, आणि शिकवलं गेलं ते मुख्यतः द्विभाषिक वर्गांत.

फळा खडू | १५ फेब्रुवारी

अगदी ओळखीचं. जे पुस्तक परीक्षेला नाही ते कपाटात. आमच्याकडेही पूरक वाचनाचे संच येतात, शिक्के मारून ठेवतो. पण तरी मला त्या मुलांच्या संसदेचं कौतुक वाटतंय. माझ्या वर्गातल्या पोरांना विचारलं तर ती म्हणतील, बाई, एकच पुस्तक आहे तेच पुरे.

तर्कट | १५ फेब्रुवारी

म्हणजे मूळ मुद्दा राहिलाच. इतकं करून पोरं भाषा तरी शिकतात का? दोन्हीकडे शंभरातली पंधरा-सोळा मुलं शेजाऱ्याची भाषा घेतात, बाकी सगळे इंग्रजी. माझ्या ऑफिसात फ्रेंच आणि जर्मन एकमेकांशी इंग्रजीत भांडतात. २०२३ ला तर जर्मन शिकवणाऱ्या गोएथं इन्स्टिट्यूटने फ्रान्समधली बोर्दो आणि लिलची केंद्रं बंद करणार म्हणून जाहीर केलं.

ऱ्हाइनपार | १५ फेब्रुवारी

यावर बोलती बंद, कारण आमच्याच पट्ट्यातलं उदाहरण आहे. ऱ्हाइनकाठच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजीऐवजी फ्रेंच असायची. तेच गिम्नाझियमच्या (विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेच्या) पाचवीपासून सक्तीचं करायचं २००७ मध्ये सरकारने ठरवलं, तर कार्ल्सरुहकडचे पालक कोर्टात गेले आणि जिंकले. शेजारची भाषा नको असं नव्हे, सक्ती नको आणि इंग्रजी मागे पडायला नको. याउलट फ्रान्सला लागून असलेल्या झारलांड या जर्मन राज्याने २०१४ मध्ये जाहीर केलंय की २०४३ पर्यंत फ्रेंच ही रोजच्या व्यवहाराची भाषा करू. बघू या.

चिवडा | १५ फेब्रुवारी

पहिलीपासून सक्ती, पालक खवळले, सरकारने माघार घेतली... २०२५ मध्ये आपल्याकडेही हेच बघितलं की हो. हिंदीचा जीआर एप्रिलमध्ये आला आणि जूनच्या अखेरीला मागे गेला.

शुद्धतूप | १५ फेब्रुवारी

झालं. धाग्याचा काश्मीर होणार आता.

संपादक मंडळ | १६ फेब्रुवारी

हिंदी सक्तीवरचे एकवीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे मूळ विषयावर बोलावे.

नेकारकाठ | २ एप्रिल

धागा वर काढतेय. सगळ्यांचे आभार, विशेषतः "फोडून लिहा" या सल्ल्याचे. मुलगी येऊन गेली. लांबण लावणार आहे, चहा घेऊन बसा.

आली तेव्हा सुरुवात वाईट झाली. शाळेने जोड्या लावताना नुसती नावं बघितली असावीत, आवडीनिवडीचा फॉर्म कुणी वाचलेला दिसला नाही. हिला घोडे आवडतात, माझ्या लेकीला घोड्याची शिंक आली तरी पुरळ उठतं. पहिले दोन दिवस दोघी इंग्रजीत दोन-दोन शब्द बोलायच्या आणि आपापल्या फोनमध्ये. दुसऱ्या रात्री पोर बाथरूममध्ये आईला फोन लावून रडत होती. मी दाराबाहेर पाण्याचा ग्लास घेऊन उभी. माझी फ्रेंच शून्य, तिची जर्मन धड्यापुरती. "माझं नाव अमुक, मला एक भाऊ आहे." रडणाऱ्या पोरीशी यातलं काय बोलायचं?

कोंडी फोडली सासूबाईंनी. त्यांना इंग्रजीही येत नाही, जर्मनही नाही, त्यामुळे त्यांना कसलाच संकोच नव्हता. त्यांनी सरळ मराठीत बोलायला सुरुवात केली. सकाळी नाश्त्याला भारतातून आणलेल्या गुळाच्या पोळ्या ठेवल्या होत्या. तिकडे सकाळचं कोको पेल्यात नाही, वाडग्यात पितात. पोरीने गुळाची पोळी मोडली आणि वाडग्यात बुडवली. मी सासूबाईंकडे बघेना. गुळाची पोळी तुपाशी खायची असते, यावर आमच्या घरात लग्नं मोडू शकतात. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वाडगा त्यांनी स्वतः मांडून ठेवला, शेजारी दोन पोळ्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःही बुडवून बघितली. "वाईट नाही," म्हणाल्या.

मग आकडे. ती त्यांना फ्रेंच आकडे शिकवायला बसली. साठपर्यंत ठीक. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. माझी लेक दोन वर्षं या चार-वीसवर चिडतेय. सासूबाई म्हणाल्या, "अगं, यात काय? आमचे आजोबा आंबे विशांवरच मोजायचे. चार विसा आंबे, वर दहा." आणि जर्मन आकडे? तिथे पंचवीस म्हणताना आधी पाच येतात, मग वीस. लेक ओरडलीच, "आई, हे तर पंच-वीस!" फ्रेंच पोरीने कागदावर तीन रकाने पाडले, फ्रेंच, जर्मन, मराठी, आणि शंभरपर्यंत लिहून काढलं. एकोणनव्वदला तिघी अडकल्या. तो कागद ती घेऊन गेली.

वरणभात? खाल्ला. पण प्रत्येक जेवणाला पाव लागला. भाताबरोबरही पाव.

फळा खडू | २ एप्रिल

"विसा" वाचून डोळ्यांत पाणी आलं. उद्या वर्गात सांगते.

तर्कट | ३ एप्रिल

माझं मत बदललेलं नाही. पण गुळाच्या पोळीची पाककृती टाका.

नेकारकाठ | २९ मे

शेवटचा हप्ता. लेक मोंबेलियारहून परवा आली.

खाण्याचं आधी, कारण सगळ्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवून तेच विचारलंय. फोडून लिहिलं होतं, तरी तिसऱ्या दिवशी शाळेच्या कँटीनमध्ये हॅमचे तुकडे घातलेली कीश पुढे आली. हिने मुकाट्याने तुकडे बाजूला काढून उरलेली खाल्ली आणि घरी गेल्यावर सांगितलं. त्या घरची आई इतकी हळहळली की त्या रात्री उकडलेल्या बटाट्यांवर कांकोयोत नावाचं पातळ, चिकट, लसूण घातलेलं चीज ओतून दिलं. लेक म्हणते, पिठल्यासारखं दिसतं, चव मात्र वेगळीच. तीन वेळा घेतलं. (शुद्धतूप, रेनेटचं मी काढलेलं नाही. तुम्हीही काढू नका.)

आजोबा, किल्ला दाखवला आणि मासे दाखवले. दोन, पाठीला पाठ लावून. हिने ऐटीत वर्गाला सांगितलं की हेच आमच्याकडच्या ड्यूकच्या ढालीत आहेत. "आमच्याकडच्या" म्हणाली. साताऱ्याच्या पोरीच्या तोंडून व्युर्टेम्बर्गचा ड्यूक आमच्याकडचा! सोशोला मोटारींचं संग्रहालयही झालं, पण त्याबद्दल तिने चकार शब्द काढलेला नाही.

एक गोष्ट तिने झोपताना सांगितली, ती तशीच लिहिते. मैत्रिणीचं घर शेजारच्या छोट्या गावात. तिकडे प्रत्येक गावात असतो तसा युद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड तिथेही आहे. एका संध्याकाळी दोघी सायकलवर चालल्या होत्या. मैत्रीण थांबली आणि एका नावावर बोट ठेवलं. तिचंच आडनाव, १९१४-१८ च्या यादीत, आणि खाली अजून एकदा. लेकीला काय बोलावं कळेना. तिने विचारलं, "तुझे कोण?" मैत्रिणीला नक्की माहीत नव्हतं. मग लेक म्हणाली, "मी जर्मन नाहीये खरं तर." यावर ती म्हणाली, "माहितीये, पण तू जर्मनीची आहेस ना." आणि दोघी आइस्क्रीम खायला गेल्या.

मी लेकीला विचारलं, तुला वाईट वाटलं का? म्हणाली, नाही, पिस्त्याचं संपलं होतं त्याचं वाटलं.

आता पुढचं. त्या घरच्या आईने ऑगस्टमध्ये आम्हा सगळ्यांना बोलावलंय, सासूबाईंसकट. शाळा नाही, युगेंडवेर्क नाही, आपलं आपण. मी इथल्या संध्याकाळच्या वर्गाला फ्रेंचसाठी नाव घातलंय, सप्टेंबरपासून. पण उत्तर आजच पाठवायचंय आणि मशीनकडून भाषांतर करून घ्यायचं नाहीये. आजोबा, हे बरोबर आहे का बघता? "मेर्सी पूर ला फ्रोमाज. नू व्हनों आँ ऊत."

रानडेवाले आजोबा | २९ मे

"ला" नाही, "ल फ्रोमाज". चीज फ्रेंचमध्येही पुल्लिंगी, जर्मनमध्येही. मराठीत आपण ते नपुंसकलिंगी करून टाकलंय. कांकोयोत मात्र स्त्रीलिंगी, तिला "ला" लावा. "नू व्हनों" चालेल, पण आमंत्रण स्वीकारताय तर आधी "आव्हेक प्लेझिर" घाला, आनंदाने असा अर्थ. आणि ऊत मधला त काही जण उच्चारतात, काही नाही. लिहायचा मात्र.